सप्टेंबर २०२५ नंतरचे रँकिंग रिपोर्ट: आकडे पडले म्हणजे साइट पडली का?

मृण्मयी_पुणे, धागाकर्ती

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचे रिपोर्ट सध्या सगळ्यांच्याच टेबलावर आहेत आणि जिथे जावं तिथे एकच प्रश्न कानावर येतोय. सर्च कन्सोलमध्ये (साइटच्या मालकाला शोधांचे आकडे दाखवणारं गुगलचं साधन) इम्प्रेशन्स, म्हणजे निकालांत साइट किती वेळा आली तो आकडा, निम्म्यावर आली, पण सरासरी पोझिशन, म्हणजे निकालांतला सरासरी क्रमांक, मात्र चांगलीच सुधारली, मग साइट वर गेली की खाली आली? कुणी इम्प्रेशन्सचा आलेख बघून धास्तावलंय, तर कुणी पोझिशनचा आलेख क्लायंटसमोर ठेवून पाठ थोपटून घेतंय. माझ्या मते दोघांचंही चुकतंय. का, ते एकदा नीट मांडावं म्हणून हा धागा.

आधी घडलं काय ते. गुगलच्या निकालपानाच्या पत्त्याला ‘नम’ नावाचं पॅरामीटर जोडून त्याची किंमत १०० दिली की दहाऐवजी शंभर निकाल एकाच पानावर मिळायचे. सामान्य माणसाला याची फारशी गरज नव्हती, पण कोणत्या शोधाला साइट कितव्या क्रमांकावर येते हे मोजणाऱ्या रँक ट्रॅकर टूल्सचा सगळा डोलारा त्यावर उभा होता. एक कीवर्ड (शोधायचा शब्द), एक विनंती, शंभर निकाल. १० ते १४ सप्टेंबर २०२५ च्या दरम्यान हे पॅरामीटर चालेनासं झालं. आगाऊ सूचना नव्हती. नंतर गुगलने एवढंच सांगितलं की या पॅरामीटरला त्यांचा अधिकृत पाठिंबा नाही. आता तेच शंभर निकाल हवे असतील तर दहा पानं उघडायची, म्हणजे दहा विनंत्या.

टूलवाल्यांचा खर्च वाढला हे ओघानेच आलं. पण तुमच्या सर्च कन्सोलमधले आकडे का हलले? खरी मेख इथे आहे. तुमची लिंक ज्या निकालपानावर आहे ते पान उघडलं की सर्च कन्सोल इम्प्रेशन मोजतं. माणसाने खाली सरकून ती लिंक डोळ्यांनी पाहिलीच पाहिजे, अशी अट साध्या निळ्या लिंकांना नाही. शंभर निकालांचं पान एखाद्या टूलच्या बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने) उघडलं की ७० व्या, ८५ व्या, ९९ व्या क्रमांकावरच्या साइटच्या खात्यातही इम्प्रेशन पडायचं. सातव्या पानापर्यंत जाणारा माणूस तुम्ही शेवटचा कधी पाहिलात? खालच्या क्रमांकांची बरीचशी इम्प्रेशन्स यंत्रांची होती. गर्दी मोजायला आलेली माणसंच गर्दीत मोजली जात होती.

गणित मांडून दाखवते. समजा, एका दाताच्या दवाखान्याची साइट आहे. ‘रूट कॅनलचा खर्च’ अशा काही शोधांना ती ६ व्या क्रमांकावर येते आणि तिथे खऱ्या माणसांची ४०० इम्प्रेशन्स आहेत. याशिवाय पाचपन्नास शोधांना ती ७० च्या आसपास आहे, तिथे माणूस पोचत नाही, पण बॉट्समुळे ६०० इम्प्रेशन्स पडतात. एकूण १०००, आणि सरासरी पोझिशन ४४.४. क्लिक्स २०, म्हणजे सीटीआर (इम्प्रेशन्सच्या किती टक्के क्लिक्स) २ टक्के. आता बॉट्सची ती ६०० काढून टाका. इम्प्रेशन्स ४००, पोझिशन ६, सीटीआर ५ टक्के. क्लिक्स अजून २०च. दवाखान्यात फोन करणारी माणसं तेवढीच. साइटवर कुणी बोटही लावलेलं नाही, आणि रिपोर्टमध्ये मात्र एक आकडा कोसळला, दोन आकडे उजळले.

हा प्रकार एकट्यादुकट्या साइटचा नाही. सर्च क्षेत्रातले टायलर गार्गुला यांनी ३१९ प्रॉपर्टीज (सर्च कन्सोलमध्ये नोंदवलेल्या साइट्स) तपासल्या, त्यातल्या ८७.७ टक्के प्रॉपर्टीजची इम्प्रेशन्स घटली होती आणि ७७.६ टक्के प्रॉपर्टीजच्या वेगवेगळ्या शोधशब्दांची संख्या कमी झाली होती.

त्यात आणखी एक गुंता आहे. गुगलचा ऑगस्टचा स्पॅम अपडेट (फसव्या साइट्सना निकालांत मागे टाकणारा बदल) २६ ऑगस्टला सुरू झाला आणि २२ सप्टेंबरला संपला, म्हणजे हे पॅरामीटर गेलं ते बरोबर त्याच्या मध्यात. त्यामुळे सप्टेंबरमधल्या घसरणीचं खापर स्पॅम अपडेटवर फोडणारे रिपोर्ट मी स्वतः वाचलेत. काही साइट्सना त्या अपडेटचा फटका खरंच बसला असेल. पण क्लिक्स जागच्या जागी आहेत आणि फक्त इम्प्रेशन्स गेली, अशा साइटला स्पॅमचा फटका म्हणणं म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणं.

माझं म्हणणं थोडक्यात असं: सप्टेंबर २०२५ च्या मध्याला रिपोर्टमध्ये एक ठळक रेघ ओढा आणि त्या रेघेच्या अलीकडची इम्प्रेशन्स, सरासरी पोझिशन, सीटीआर पलीकडच्यांशी ताडून बघू नका. तुम्ही हे कसं हाताळताय ते लिहा.

---

गोदाकाठ_डिजिटल

फार गरजेचा धागा, मृण्मयीताई. एक पडताळणी सुचवतो, पाच मिनिटांत होते. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये डिव्हाइसचा फिल्टर लावा. आधी फक्त डेस्कटॉप, मग फक्त मोबाइल. टूल्सची बरीचशी शोधाशोध डेस्कटॉपच्या नावाने चालायची, त्यामुळे डेस्कटॉपचा आलेख १२ सप्टेंबरच्या आसपास कडा तुटल्यासारखा खाली येतो आणि मोबाइलचा जवळपास सरळ राहतो. असं दिसलं तर घसरण मोजणीतली आहे हे नक्की समजा. दोन्ही आलेख सारखेच खाली आले आणि क्लिक्सही गेले, तर मात्र दुखणं दुसरं आहे, ते शोधायला लागा.

माझ्याकडे एक पैठणी विकणारं घर आहे, त्यांचं ९० टक्के गिऱ्हाईक फोनवरून येतं. त्यांच्या मोबाइलच्या आलेखात सप्टेंबरमध्ये काही जाणवतही नाही, आणि डेस्कटॉपचा बघवत नाही. दोन्ही एकत्र करून बघितलं असतं तर दिवाळीच्या तोंडावर उगाच घबराट झाली असती.

आणखी एक. नोव्हेंबरपासून सर्च कन्सोलमध्ये आलेखावर राइट-क्लिक करून स्वतःची टीप लिहिता येते. सगळ्या प्रॉपर्टीजवर १२ सप्टेंबरला टीप लिहून ठेवा. उद्या आपल्या जागी नवा माणूस आला तर त्याला कळायला हवं.

---

बागायतदार_देवगड

मी एसईओतला, म्हणजे साइट शोधनिकालांत वर आणण्याच्या कामातला, माणूस नाही. आमची कलमं आहेत आणि गेली काही वर्षं पेट्या ऑनलाइन विकतो. एक एजन्सी आमचं काम बघते. दर महिन्याला ऐंशी कीवर्डांचा तक्ता येतो, प्रत्येकापुढे नंबर. ऑक्टोबरपासून त्यातल्या निम्म्याअधिक ओळींत नंबरच नाही, नुसती आडवी रेघ. विचारलं तर म्हणाले, ‘टूलचा प्रॉब्लेम आहे.’ वर लिहिलंय ते वाचून थोडं समजलं, पण सरळ विचारतो. ती आडवी रेघ म्हणजे आम्ही गुगलवरून गेलो का? फेब्रुवारीत बुकिंग सुरू होईल, जीव टांगणीला लागलाय.

---

मृण्मयी_पुणे

दादा, नाही, गेला नाहीत. आडवी रेघ म्हणजे टूलने जेवढे निकाल तपासले त्यात तुमची साइट सापडली नाही. पूर्वी टूल शंभरापर्यंत बघायचं, आता बरीच टूल्स पहिल्या दहा, वीस किंवा तीस निकालांवर थांबतात, कारण पुढे जायचं तर प्रत्येक दहाला वेगळी विनंती आणि वेगळा पैसा. सप्टेंबरच्या आधीचा तक्ता काढा आणि आता रेघ असलेल्या ओळींत तेव्हा काय होतं ते बघा. तिथे ४३, ५८, ७६ असे आकडे असतील तर आज तुम्ही साधारण तिथेच असण्याची शक्यता जास्त. त्या क्रमांकांवरून तुम्हाला तेव्हाही गिऱ्हाईक मिळत नव्हतं. पण एखाद्या ओळीत तेव्हा ५ किंवा ८ होतं आणि आता रेघ आहे, तर मात्र एजन्सीला फोन करा. ती खरी घसरण.

एजन्सीकडे एवढंच मागा: मार्च ते मे २०२५ मध्ये गुगलवरून साइटवर किती क्लिक्स आले, कोणत्या पानांवर, आणि त्यातून किती ऑर्डरी झाल्या. यंदाच्या हंगामाची तुलना त्याच्याशी करा. इम्प्रेशन्स यंदा कमीच दिसणार, कारण गेल्या हंगामात बॉट्सची भर होती. त्यावरून जिवाला घोर लावून घेऊ नका.

---

सर्चसाधक_ठाणे

धाग्याशी बराच सहमत आहे, पण ‘खालच्या क्रमांकांना किंमत नव्हती’ असा जो सूर लागतोय तो मला पटत नाही. नव्या साइटवर काम केलेल्याला विचारा. पहिले सहा महिने तुमच्याकडे क्लिक्स नसतात, ऑर्डरी नसतात. ९० वरून ६०, ६० वरून ३५ एवढीच काय ती खूण असते की लेख योग्य दिशेने चाललाय. ती खूणच गेली. आता लेख टाकला की थेट पहिल्या वीसात येईपर्यंत अंधार. सर्च कन्सोलही काही दाखवत नाही, कारण पाचव्या पानावर कुणी जात नाही, इम्प्रेशन पडत नाही, आणि इम्प्रेशन नाही तर पोझिशनची नोंदच नाही.

दुसरं, स्पर्धकांचा अभ्यास. मोठ्या टूल्सचे कीवर्डांचे साठे अशाच खोल शोधांवर बांधलेले होते. एखादी साइट हळूहळू कोणत्या विषयांत शिरतेय हे २० ते १०० च्या पट्ट्यातच आधी दिसायचं. त्याला नुसता केरकचरा म्हणणं बरोबर नाही.

---

मृण्मयी_पुणे

साधक, तुमचा मुद्दा मान्य, आणि नव्या साइटच्या बाबतीत तर पूर्ण मान्य. ‘इम्प्रेशन फुगलेलं होतं’ आणि ‘क्रमांकाची माहिती निरुपयोगी होती’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिलं मी करतेय, दुसरं नाही.

आमच्याकडे आता असं करतो: रोजचं ट्रॅकिंग पहिल्या वीसापुरतं आणि मोजक्या शब्दांचं. नव्या लेखांचे शब्द तेवढे महिन्यातून एकदा खोलवर तपासून घ्यायचे, त्याचे वेगळे पैसे मोजायचे. रोज बघून तसंही काय मिळत होतं? ६२ चा ६७ झाला म्हणून कुणी लेख बदलत नाही. आणि लेख इंडेक्स झालाय का, म्हणजे गुगलच्या साठ्यात आलाय का, हे सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये कळतंच. पहिल्या महिन्यात माझ्यासाठी तेवढं पुरतं.

---

बॅकएंड_हिंजवडी

मी रँक ट्रॅकिंगच्या कोडवर काम केलंय, कंपनीचं नाव लिहीत नाही. पडद्याआडची थोडी माहिती देतो.

दहा विनंत्या म्हणजे दहापट खर्च एवढंच नसतं. प्रत्येक विनंतीला प्रॉक्सी (मधला सर्व्हर) लागते, अडवली गेली तर पुन्हा करावी लागते, आणि पान जितकं खोल तितकी अडवली जाण्याची शक्यता वाढते. शिवाय जानेवारी २०२५ पासून गुगलचं निकालपान जावास्क्रिप्टशिवाय उघडत नाही. म्हणजे नुसतं एचटीएमएल खेचून भागत नाही, पूर्ण ब्राउझर चालवावा लागतो, त्याला मेमरी आणि वेळ दोन्ही जास्त. त्या महिन्यात बऱ्याच टूल्सच्या डेटात खंड पडले होते. जे लोक आता जानेवारी २०२६ ची जानेवारी २०२५ शी तुलना करणार आहेत त्यांनी हे ध्यानात ठेवा. तुमच्या टूलच्या आलेखात तिथे खड्डा असेल तर तो साइटचा नाही.

आणखी एक बारकावा फार कमी लोक बोलतात. पूर्वी शंभर निकाल एका क्षणी, एकाच पानावर मिळायचे, क्रम एकसंध असायचा. आता पहिलं पान एका क्षणी, चौथं काही सेकंदांनी, कदाचित दुसऱ्या डेटा सेंटरकडून. मधल्या वेळात क्रम हलला तर तीच साइट दुसऱ्या पानावरही दिसते आणि तिसऱ्यावरही, आणि एखादी दोन्हींतून निसटते. प्रत्येक पानावर निकाल दहाच असतील असंही नाही, कधी आठ, कधी नऊ. त्यामुळे आज एखादं टूल तुम्हाला ‘४७’ सांगत असेल तर ते ‘चाळिशीच्या पुढे कुठेतरी’ असं वाचा.

कायद्याची बाजूही तापतेय. आपोआप शोध चालवण्याला गुगलच्या अटींत आधीपासून मनाई आहे, आणि १९ डिसेंबरला गुगलने निकालपानांचा डेटा विकणाऱ्या सर्पएपीआय या कंपनीवर अमेरिकेत खटला भरलाय. त्याआधी ऑक्टोबरमध्ये रेडिटनेही याच कंपनीला आणि पर्प्लेक्सिटी या एआय शोध कंपनीला कोर्टात खेचलं. निकाल काय लागेल ते लागो, पण निकालपानांची खोदाई स्वस्त होण्याचे दिवस काही येत नाहीत. टूलचं वार्षिक सबस्क्रिप्शन घेताना किती खोलवर तपासणार, किती वेळा, हे लेखी विचारून घ्या.

---

कोल्हापुरी_कंटेंट

+१, लेखी विचारून घ्या याला. आमच्या टूलने पॅकेज तेच ठेवलं आणि खोली गुपचूप कमी केली. मदत विभागाला तीन मेल केल्यावर कळलं.

---

न्यूजर्सीकर

इकडे एका प्रकाशन संस्थेच्या साइट्स बघतो. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत इथे प्रत्येक परिषदेत एकच आलेख दाखवला जायचा: इम्प्रेशन्स वर चाललीत, क्लिक्स खाली, दोन रेषांची फारकत. निष्कर्ष ठरलेला, की एआय ओव्हरव्ह्यूमुळे (निकालपानावर गुगल स्वतः देतं ते एआयचं उत्तर) लोक साइट बघतात पण क्लिक करत नाहीत. सप्टेंबरनंतर इम्प्रेशन्सची रेषा धाडकन खाली आली तेव्हा कळलं की तिच्या चढण्यात बॉट्सचा मोठा हात होता. ऑस्ट्रेलियातले एसईओ सल्लागार ब्रॉडी क्लार्क यांनी हे लगेच मांडलं होतं.

पण म्हणून एआय ओव्हरव्ह्यूचा परिणामच नाही, असं कुणी समजू नये. क्लिक्स खरोखर कमी झालेत, आमच्याकडे माहितीपर लेखांवर तर हे स्पष्ट दिसतं. फारकतीची वरची रेषा खोटी होती, खालची खरी आहे. आणि हे सर्च कन्सोलमधून नीट वेगळं काढताच येत नाही, ही माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. एआय ओव्हरव्ह्यूमधल्या सगळ्या लिंकांना एकच पोझिशन मिळते, त्या चौकटीची. ती चौकट पानाच्या डोक्यावर असेल तर आतल्या सगळ्या लिंका पोझिशन १. म्हणजे ‘अजून दाखवा’ दाबल्यावर दिसणाऱ्या सातव्या लिंकचाही १ आणि पूर्वी खुल्या मैदानात पहिल्या आलेल्या साइटचाही १. एआय मोडचे (गुगलच्या संवादी एआय शोधाचे) आकडेही जून २०२५ पासून त्याच वेब शोधाच्या बेरजेत मिसळलेले आहेत. वेगळा फिल्टर नाही.

भारतात एआय ओव्हरव्ह्यू ऑगस्ट २०२४ मध्ये आले आणि एआय मोड जुलै २०२५ मध्ये सर्वांना खुला झाला, म्हणजे तुमच्या वर्षभराच्या तुलनेतही हे सगळं मिसळलेलं आहे. क्लायंटने ‘पोझिशन १ आहे मग क्लिक्स का नाहीत’ असं विचारलं तर त्या शोधाचा स्क्रीनशॉट काढून त्याच्यासमोर ठेवा. फोनच्या पडद्यावर आपली निळी लिंक किती बोटं खाली आहे ते दिसलं की पुढचं समजावणं सोपं जातं.

---

चूलबोळकी

माझी मराठी पाककृतींची साइट आहे, एकटी चालवते, टूल विकत घेणं परवडत नाही. माझा सगळा भरवसा सर्च कन्सोलवर. मला यात वेगळीच अडचण दिसते. माझ्याकडे क्वेरींच्या (लोकांनी टाकलेल्या शोधांच्या) यादीतल्या क्लिक्सची बेरीज केली तर ती वरच्या एकूण क्लिक्सच्या निम्मीही भरत नाही. बाकीचे शब्द गुगल दाखवतच नाही. सप्टेंबरनंतर यादी आणखी आखूड झालीय. मराठी साइटना हा त्रास जास्त आहे का?

---

गोदाकाठ_डिजिटल

ताई, हो, जास्त आहे, आणि कारण सरळ आहे. फार थोड्या लोकांनी शोधलेले शब्द गुगल खासगीपणाच्या कारणाने यादीतून गाळतं, एकूण बेरजेत मात्र धरतं. आता मराठीत एकच गोष्ट किती तऱ्हांनी शोधली जाते बघा. ‘अळूवडी कशी करायची’, ‘अळू वडी रेसिपी मराठी’, ‘आळूवडी’, आणि हेच सगळं रोमन लिपीत प्रत्येकाच्या वेगळ्या स्पेलिंगने. इंग्रजीत जे शोध एकाच शब्दाखाली गोळा होतात ते आपल्याकडे पंधरा तुकड्यांत विखुरतात, आणि प्रत्येक तुकडा गाळणीतून खाली पडतो.

म्हणून मराठी साइटला मी क्वेरीऐवजी पानावरून बघायला सांगतो. अळूवडीचं पान निवडा, त्या पानाचे क्लिक्स महिन्यागणिक बघा. पानाच्या आकड्यांत ते गाळलेले शोधही धरलेले असतात. क्वेरीचा फिल्टर लावलात की मात्र ते सुटतात, हे लक्षात ठेवा. आणि विकतची टूल्स नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. मराठी शब्दांच्या बाबतीत त्यांचे साठे इतके तोकडे आहेत की तुमचं सर्च कन्सोल त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त जाणतं.

---

चूलबोळकी

पानावरून आत्ताच बघितलं. अळूवडीचे क्लिक्स गेल्या वर्षीच्या श्रावणापेक्षा वाढलेत! क्वेरीच्या यादीत हे कधीच दिसलं नसतं. मनापासून आभार.

---

हडपसर_लोकल

स्थानिक धंद्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. दवाखाने, क्लासेस, कार वॉशिंग, यांच्या रिपोर्टमध्ये ‘पुण्यात तुम्ही ३ ऱ्या क्रमांकावर’ असं वाक्य असतं. पुण्यात म्हणजे कुठे? नकाशाच्या निकालांत गुगल सुसंगती, अंतर आणि प्रसिद्धी असे तीन घटक धरतं, तसं त्यांनीच लिहून ठेवलंय. कोथरूडच्या दवाखान्याला कर्वे पुतळ्यापाशी उभं राहून शोधलं तर पहिला, मगरपट्ट्यातून शोधलं तर यादीतही नाही. एकच नंबर लिहिणारा रिपोर्ट सप्टेंबरच्या आधीही अपुरा होता.

त्यात एप्रिल २०२५ मध्ये गुगलने जाहीर केलं की गुगल डॉट को डॉट इन सारखे देशागणिक पत्ते आता डॉट कॉमकडे वळवले जातील, आणि निकाल तुमच्या ठिकाणावरून ठरतील. तसे ते २०१७ पासूनच ठिकाणावरून ठरत होते. पण अजूनही काही रिपोर्टच्या मथळ्यावर ‘गुगल इंडिया रँक’ असं लिहिलेलं असतं. टूलमध्ये ठिकाण भारत ठेवलंय, पुणे ठेवलंय की पिनकोड, हे मथळ्यात लिहा. नाहीतर क्लायंट स्वतःच्या दुकानातून फोनवर शोधतो, वेगळाच नंबर दिसतो, आणि विश्वास उडतो.

---

बागायतदार_देवगड

मृण्मयीताई, तुम्ही सांगितलंत तसा जुना तक्ता काढला. रेघ असलेल्या ओळी पूर्वी ४० ते ९० च्या होत्या, एक सोडून. ती एक पूर्वी ९ वर होती, एजन्सीला कळवलं. जीव भांड्यात पडला.

पण एक मुद्दा अडलाय. आमच्या करारात लिहिलंय की ‘पहिल्या शंभरात ६० कीवर्ड आणले तर वाढीव रक्कम’. आता शंभरापर्यंत मोजताच येत नाही, तर करायचं काय? एजन्सी म्हणते, सप्टेंबरच्या आधी ५७ होते तेच धरून चालू. मला ते बरोबर वाटत नाही, आणि मुलं कामाची आहेत, त्यांचं नुकसान करायचीही इच्छा नाही.

---

मृण्मयी_पुणे

दादा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

‘पहिल्या शंभरात इतके कीवर्ड’ हे कलम आपल्या धंद्यात वर्षानुवर्षं चालत आलंय, कारण ते गाठणं सोपं आणि दाखवायला भारदस्त. ९४ व्या क्रमांकावर आलेला शब्दही त्यात मोजला जातो. बागायतदाराला त्यातून एक पेटीही विकली जात नाही. हे कलम काढून टाकण्याची याहून चांगली वेळ मिळणार नाही. पण काढताना एजन्सीवर अन्याय होऊ नये हा तुमचा विचार मला फार आवडला.

मी तुमच्या जागी असते तर तीन गोष्टी बदलून घेतल्या असत्या. कीवर्ड ऐंशीऐवजी दहा-पंधरा, आणि ते दोघांनी बसून निवडलेले, ज्यांवरून माणूस खरंच पेटी मागवतो असे. ‘हापूस आंब्याचे फायदे’ हा शब्द त्यात नको, ‘देवगड हापूस घरपोच मुंबई’ हवा. या शब्दांचं ध्येय पहिल्या दहात ठेवा, तिथे टूल्सचं मोजमाप अजून भरवशाचं आहे. दुसरं, वाढीव रकमेचा मोठा भाग ब्रँड सोडून आलेल्या क्लिक्सवर बांधा, म्हणजे तुमच्या बागेचं नाव न टाकता जे शोधत आले त्यांच्यावर. नाव टाकून येणारे तुमच्या आंब्याच्या चवीमुळे येतात, त्याचं श्रेय एजन्सीचं नाही. सर्च कन्सोलमध्ये ब्रँड आणि बिगर-ब्रँड असा फिल्टर नोव्हेंबरमध्ये जाहीर झालाय. तुमच्या प्रॉपर्टीला दिसत नसेल तर बागेचं नाव आणि त्याची वेडीवाकडी स्पेलिंग्ज वगळणारा क्वेरी फिल्टर लावून हेच करता येतं. तिसरं, ऑर्डरी. त्या थेट एजन्सीच्या गळ्यात बांधू नका, कारण मोहोर गळला, भाव चढला, कुरिअर अडकलं, यातलं काहीच त्यांच्या हातात नसतं. पण रिपोर्टच्या पहिल्या पानावर ऑर्डरींचा आकडा असलाच पाहिजे, म्हणजे दोन्ही बाजूंची नजर त्यावर राहते.

आणि ५७ चं काय? ते तिथेच गोठवा, त्यापोटी काही ठरलेली रक्कम देऊन कलम बंद करा, फेब्रुवारीपासून नवा करार. मी चार क्लायंटशी असंच बोलले. नीट समजावलं तर लोक ऐकतात. ज्यांना आपण वर्षानुवर्षं इम्प्रेशन्सचा चढता आलेख दाखवला, त्यांना तो आलेख कशाने चढत होता हे सांगणं आपलं कर्तव्य आहे.

---

सर्चसाधक_ठाणे

शेवटच्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. एक भर घालतो: पहिल्या दहातली इम्प्रेशन्स आता ‘शुद्ध’ झाली असंही कुणी क्लायंटला सांगू नका. टूल्स पहिलं-दुसरं पान अजूनही रोज उघडतातच, तिथली बॉट्सची इम्प्रेशन्स अजून आहेत. ज्या शब्दांवर एजन्सींची झुंबड असते, विमा, कर्ज, डिजिटल मार्केटिंग क्लास, तिथे ती जास्त असणार. म्हणून सीटीआर ५ टक्के दिसला तर खरा त्याहून थोडा जास्त असू शकतो.

---

गोदाकाठ_डिजिटल

वर्षाशी वर्ष तुलना करणाऱ्यांसाठी, सप्टेंबर २०२६ च्या मध्यापर्यंत प्रत्येक रिपोर्टमध्ये एका बाजूला जुनी मोजणी आणि दुसऱ्या बाजूला नवी असणार आहे. मार्च एंडचा वार्षिक रिपोर्ट तर दोन्हींची खिचडी होणार. मी एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे दोन भाग पाडून वेगवेगळ्या पानांवर देणार आहे. क्लिक्सचा आलेख तेवढा बारा महिन्यांचा सलग.

आणि सर्च कन्सोल फक्त १६ महिने मागचं ठेवतं. म्हणजे जानेवारी २०२७ उजाडेपर्यंत सप्टेंबरच्या आधीचा सगळा काळ पुसला जाईल, मग कुणाला समजावायला पुरावाही उरणार नाही. आत्ताच उतरवून ठेवा.

---

चूलबोळकी

उतरवायचं कसं? मी एक्स्पोर्ट दाबलं तर १००० ओळीच येतात.

---

बॅकएंड_हिंजवडी

पडद्यावरून १००० च येतात, ती मर्यादाच आहे. एपीआयमधून (प्रोग्रामने थेट डेटा मागवायची सोय) दिवसाला एका शोधप्रकारासाठी ५०,००० ओळींपर्यंत मिळतात, तुमच्या साइटला भरपूर झालं. बिगक्वेरीचं (गुगलच्या डेटा साठवण सेवेचं) बल्क एक्स्पोर्ट कुणी सुचवेल, पण ते चालू केल्या दिवसापासूनचाच डेटा देतं, मागचा देत नाही, त्यामुळे जुन्यासाठी एपीआयच. तारीख, पान, डिव्हाइस एवढेच रकाने घ्या, क्वेरी त्यात घालू नका, म्हणजे गाळलेले शोधही बेरजेत राहतील. क्वेरींची वेगळी फाइल करा. गुगल शीटमधून चालेल अशी छोटी स्क्रिप्ट माझ्याकडे आहे, रविवारी इथेच टाकतो. तोवर निदान पानांचा तक्ता महिन्यागणिक उतरवून घ्या, सर्वात जुन्या महिन्यापासून सुरुवात करा.